ग्रिमुर उत्तर देत नाही

“नाव हवंय,” एवढंच बोलून बाबा स्वयंपाकघरात उभे राहिले. अंगात लोकरीचा तोच स्वेटर, बुटांवर बर्फ. हाल्बेराची फरशी ओली होत होती. बाबांना, म्हणजे ग्रिमुरला, वारून वर्ष झालं होतं.

सकाळी ऑफिसात आल्या आल्या तिनं हे स्वप्न आपल्या भागीदाराला सांगितलं. सिग्वाल्दीनं हातातली फ्लॉप्यांची लेबलं खाली ठेवली. लेबलांवर ‘विंगपोस्ट’ असं झोकदार इंग्रजी नाव होतं. त्यांचं ईमेलचं सॉफ्टवेअर पुढच्या शुक्रवारी बाहेर पडायचं होतं. टी-शर्टसुद्धा छापून आले होते.

“मेलेलं माणूस स्वप्नात नाव मागतं ते आपलं नाव पोटातल्या पोराला ठेवा म्हणून,” तो म्हणाला. “तुला दिवस गेलेत का?”

“सत्तेचाळीस वर्षांची आहे मी. आणि नवरा कधीचाच नॉर्वेला पळालाय.”

“मग तुझ्याकडे जन्माला काय यायचंय?”

दोघांनी टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. हाल्बेराला हसू फुटलं. सिग्वाल्दी हसला नाही. एरवी हा माणूस देवाकडेही पुरावा मागेल.

“नाही म्हणू नकोस. माझ्या मावशीनं असंच नाही म्हटलं होतं. तिचा मुलगा अजून बोलत नाही.”

“तो वकील आहे ना?”

“कोर्टात बोलतो. घरी नाही.”

हाल्बेरानं आणखी वाद घातला नाही. खरं तर तिला तो घालायचाच नव्हता. उत्तरेकडे बाबांची मेंढरं होती आणि ती सांभाळायला एकुलती एक लेक. ती लेक राजधानीत, रेक्याविकला पळाली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. “दिसत नाही, हाक मारली तर येत नाही, हिवाळ्यात खाता येत नाही. असल्या वस्तूपायी जन्म घालवणार तू?” असं बाबा एकदा म्हणाले, आणि मग त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. ती फोन करायची. ते उचलायचे, तिचा आवाज ऐकायचे आणि काही न बोलता आईच्या हातात द्यायचे. मरेपर्यंत हेच चाललं. आता तेच बाबा तिच्या कामाला स्वतःचं नाव मागायला आले होते. माफ केल्याशिवाय कुणी असं येतं का? ती बाथरूममध्ये गेली आणि पोटभर रडून आली.

ग्रिमुर हे नाव ठरलं. पण बाप्तिस्मा होईपर्यंत बाळाचं नाव बाहेर फोडायचं नसतं, आणि सिग्वाल्दी आता रीतीच्या हट्टाला पेटला होता. छपाईवाल्याला नाव सांगायचं नाही, तर लेबलं छापायची कशी? शेवटी फ्लॉप्या कोऱ्याच राहिल्या. शुक्रवारी बारसं झालं. पाद्री आला, त्यानं चार शब्द म्हटले, पण पाणी शिंपडायला साफ नकार दिला. अडचण धर्माची नव्हती, विजेची होती. मग पाहुण्यांना कॉफी आणि केकबरोबर एकेक पेन देण्यात आलं, आणि सगळ्यांनी मिळून फ्लॉप्यांवर ‘ग्रिमुर’ लिहिलं. ‘विंगपोस्ट’चे टी-शर्ट उलटे करून घातले.

ते दिवसच असे होते. मोडेम किंचाळायचं, घरचा फोन अडकायचा, एक चित्र उघडेस्तोवर कॉफी निवायची. तरी लोक हौसेनं काहीही उतरवून घ्यायचे. हिवाळा संपेपर्यंत ग्रिमुर आयर्लंडपासून फिनलंडपर्यंत पोचला, आणि तिकडून तक्रारी येऊ लागल्या. ‘ग्रिमुर उत्तर देत नाही.’ ‘ग्रिमुर सकाळी उठत नाही.’ ‘ग्रिमुरनं माझ्या बहिणीचं पत्र दाबून ठेवलं आहे, विचारलं तर गप्प बसतो.’ सिग्वाल्दी कपाळाला हात लावायचा. हाल्बेरा मात्र एकेक तक्रार दोनदोनदा वाचायची. बाबाच ते, तंतोतंत. दोष तिला सापडत होते, पण दुरुस्त करायला हात धजत नव्हता.

एप्रिलमध्ये तिची लेक उना डेन्मार्कहून आली. तिकडे ती शिकत होती. दारात तिनं कोट काढला आणि हाल्बेरा बघतच राहिली.

“कितवा?”

“सातवा.”

“म्हणजे नोव्हेंबरात, आमचं बारसं झालं तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“होतं. तुझी धावपळ चालली होती. म्हटलं, समोरासमोर सांगू.”

हाल्बेरा खुर्चीत बसली. सगळा हिशेब आता लख्ख लागत होता. घरात येणारं बाळ होतंच. बाबा त्याच्यासाठी आले होते. तिच्यासाठी नाही, तिच्या कामासाठी तर नाहीच नाही. माफी वगैरे तिनंच आपल्या मनानं रचली होती. आणि पणतवंडाचं नाव तिनं हजारो अनोळखी लोकांच्या शिव्या खायला पाठवून दिलं होतं.

“मी घात केला गं,” ती म्हणाली. “बाबा तुझ्या बाळासाठी नाव मागायला आले होते. मी ते फ्लॉपीवर लिहून विकलं.”

उनानं टेबलावरच्या केकचा तुकडा तोंडात टाकला आणि शांतपणे चावला.

“आजोबा आधी माझ्याकडेच आले होते, आई. स्वप्नात, तिकडे आरहूसला. तुझ्याकडे आले त्याच्या दोन रात्री आधी.”

“काय म्हणाले?”

“मागितलं काहीच नाही. मीच म्हटलं, मुलगा झाला तर तुमचं नाव ठेवते. तर म्हणाले, ‘त्याला दुसरं काहीतरी ठेव. मला तुझ्या आईच्या त्या डब्यात जायचंय. ती दिवसभर तिथंच असते.’”