विहिणीची गोधडी

नाशिकच्या गोधड्यांच्या प्रदर्शनात सायखेड्याच्या नवसाबाईची गोधडी दाराशीच टांगली होती. पहिलं बक्षीस मिळालेली गोधडी आत, भिंतीच्या मधोमध होती. ती एकलहऱ्याच्या सोजरबाईची, म्हणजे तिच्या विहिणीची. नवसाबाईची लेक मंदा सोजरबाईच्या घरी सून होती. ती जळून गेली, त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

"स्टोव्हचा भडका उडाला तवा तुमी दिल्याली जांभळी नायलॉनची साडी नेसली व्हती ती. त्या साडीनंच घात केला," असं सोजरबाई मंदाच्या सरणापाशी म्हणाली होती. साडी नवसाबाईनंच हौसेनं घेतली होती, त्यामुळे लेक आपणच जाळली, असंच ती आजवर धरून चालली होती.

बक्षिसाच्या गोधडीपुढे बायका गोळा झाल्या होत्या. "घरातलंच जुनंपानं हाय समदं," सोजरबाई सांगत होती. "एक चिंधीबी इकत आणली नाय."

नवसाबाई पुढे सरकली. टाके खरंच सुबक होते. त्यांवरून फिरणारं तिचं बोट मधल्या जांभळ्या ठिगळावर अडलं. त्या शेवटच्या दिवाळीला मंदा माहेरी आली, तेव्हा दाराच्या कडीला अडकून तिची तीच साडी फाटली होती. घरात जांभळा दोरा नव्हता, म्हणून नवसाबाईनं हिरव्या दोऱ्यानं रफू केलं होतं. ते हिरवं रफू तिच्या बोटाखाली जसंच्या तसं होतं.

तिनं बोट तिथून काढलं नाही.

"विहीणबाई," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मग त्या दिवशी माझी मंदा काय नेसली व्हती?"