दहा तास

गिरणीच्या फाटकात टेबल मांडलं होतं. टेबलावर दौत, टाक आणि एक लांबलचक कागद. वर चार ओळींचा मजकूर, खाली तीनशे सह्यांना जागा. पहाटेची घंटा होऊन गेली होती, तरी फाटक अर्धंच उघडलेलं. एकेकीने यायचं, सही करायची आणि आत आपापल्या साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, जायचं, असा व्यवस्थापक थॉर्नडाइक यांचा हुकूम होता.

न्यू हॅम्पशर राज्यात त्याच दिवशी नवा कायदा लागू झाला होता. कामगाराकडून दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. मात्र त्याने स्वतःहून तसं लिहून दिलं, तर गोष्ट वेगळी. टेबलावरचा कागद तेवढ्यासाठीच होता.

रांगेत सगळ्यात पुढे केझाया फार्नमला उभं केलं होतं. वय अडतीस, त्यातली वीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात गेलेली. निम्म्या बायकांना काम तिनेच शिकवलेलं. तिने सही केली की बाकीच्या मुकाट्याने करतील, असा मुकादम कोल्बीचा होरा. आदल्या दिवशी त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलंही होतं. सही केलीस तर वरच्या मजल्यावर बसून करायचं काम देतो. नाही केलीस तर तुझं नाव नदीकाठच्या सगळ्या गिरण्यांना कळवावं लागेल.

तिच्यामागे ऱ्होडा होती, एकोणीस वर्षांची. तिचा बाप डोंगरातल्या शेतावर पाय मोडून पडला होता. मी सही करणार, माझा इलाज नाही, असं तिने सकाळीच केझायाला सांगून टाकलं होतं आणि रडली होती. तुला कोणी नावं ठेवणार नाही, असं केझायाने तिला सांगितलं होतं.

केझायाने कागद उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

"गिरणी जितका वेळ चालेल तितका वेळ काम करण्याचे आम्ही स्वखुशीने मान्य करतो."

रांगेत मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"वाचायला नाही सांगितलं," थॉर्नडाइक म्हणाले. "सही करायला सांगितलंय."

"न वाचता सही करायची नाही, असं आजोबांनी शिकवलंय."

तिचे आजोबा गावात सगळ्यांना माहीत होते. स्वातंत्र्याच्या लढाईत इंग्लंडच्या राजाच्या फौजेशी लढताना त्यांची दोन बोटं गेली होती.

"तुमचे आजोबा राजाशी भांडले, मिस फार्नम," थॉर्नडाइक हसून म्हणाले. "इथे कुठे राजा आहे?"

केझायाने अर्ध्या उघड्या फाटकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. टाक दौतीत बुडवून ती कागदावर वाकली. थॉर्नडाइक समाधानाने वळले आणि कोल्बीशी बोलू लागले.

'गिरणी जितका वेळ चालेल तितका वेळ' यावर केझायाने सरळ रेघ ओढली. वर लिहिलं, 'दहा तास'. खाली पूर्ण नाव लिहिलं आणि टाक ऱ्होडाच्या हातात दिला.

खोडलेली ओळ ऱ्होडाने पाहिली. टाकातून शाईचा थेंब कागदावर पडला. त्या डागाशेजारीच तिने सही केली.

थॉर्नडाइक यांच्या लक्षात आलं तेव्हा अकरावी बाई सही करत होती. त्यांनी कागद ओढून घेतला, टराटरा फाडला आणि या अकरा जणींना आजपासून काम नाही, असं जाहीर केलं. कोल्बीने नवा कागद आणून ठेवला.

बारावी बाई टेबलापाशी आलीच नाही. ती पुलावरून गिरणीच्या कालव्यापलीकडच्या गवतावर जाऊन बसली. तिच्यामागून तेरावी गेली. मग रांगच उरली नाही; काढलेल्या अकरा जणीही तिथेच जाऊन बसल्या.

कोल्बीने फाटक सताड उघडलं. कोणी आत गेलं नाही. डोंगरातून भरपूर पाणी आलं होतं. गिरणी चालवणारं पाणचाक फिरत होतं, पट्टे धावत होते, आणि तीनशे साचे नुसते उभे होते. बॉस्टनला पाठवायचं कापड अर्धवट विणून पडलेलं. कोल्बी गावात बदली बायका शोधायला गेला आणि दोघींना घेऊन आला. त्या दोघींनी गवताकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि त्याही तिकडेच जाऊन बसल्या.

साडेसातच्या सुमारास थॉर्नडाइक स्वतः पूल ओलांडून आले. हातात कोरा कागद, दौत आणि टाक होता.

"काय लिहायचं ते तुम्हीच लिहा," ते म्हणाले.

"अकरा जणींचं काय?" केझायाने बसल्या जागेवरूनच विचारलं.

त्यांनी चाकाच्या आवाजाकडे कान दिला. "त्यांनीही यावं."

अक्षर ऱ्होडाचं चांगलं, असं म्हणून केझायाने कागद तिच्याकडे सरकवला. ऱ्होडाने मांडीवर ठेवून दोन ओळी लिहिल्या. या वेळी शाई सांडली नाही. थॉर्नडाइकनी तिथेच, उभ्याउभ्या, खाली सही केली.

संध्याकाळी साडेपाचला घंटा झाली आणि साचे थांबले. बायका पुलावर आल्या आणि तिथेच रेंगाळल्या. ऊन अजून नदीवर होतं. पलीकडच्या रस्त्यावर दुकानं उघडी होती. कोणाच्या तरी अंगणात वाळत घातलेले कपडे पांढरेशुभ्र दिसत होते. घरी जायची वाट त्यांना अंधारातच पाठ झालेली.

"आता काय करायचं गं?" ऱ्होडाने विचारलं.

"मला तरी कुठे माहीत आहे?" केझाया म्हणाली. तिने बूट काढून बाजूला ठेवले, पुलाच्या कडेला बसली आणि दोन्ही पाय पाण्यावर मोकळे सोडून हलवत राहिली.