पिंपळाची जाळी

"ही बादली आत्ताच्या आत्ता खाली गेली पाहिजे," नाकाला पदर लावून कुमुदताई म्हणाल्या. "संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येणार. अत्तराऐवजी त्यांना हा वास लावू का?"

बादलीत महिनाभर पिंपळाची गळलेली पानं कुजत होती. गर सडून गेला की आतली जाळी उरते, ती भिंतीवर लावायची, असा त्र्यंबकरावांचा निवृत्तीनंतरचा संकल्प होता. घासताघासता बाकीची सगळी फाटली होती. शेवटचं पान ते एका जुन्या टूथब्रशने घासत होते. ब्रश जुना आहे, हे फक्त त्यांचं मत होतं. ब्रश कुमुदताईंचा होता.

"एवढं एकच," असं म्हणून त्यांनी पान पाण्यातून उचललं आणि उन्हात धरलं.

कुमुदताईंच्या नाकावरचा पदर खाली आला. क्रोशाच्या विणकामात सोसायटीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बक्षीस मिळालेला रुमाल हॉलमध्ये फ्रेम करून लावला होता. त्यांनी चष्मा चढवला. कुठे गाठ दिसते का पाहिलं, एखादा टाका सुटलाय का पाहिलं. देठापासून टोकापर्यंत पुन्हा पाहिलं. मग आत गेल्या, रुमाल काढला आणि रिकामी फ्रेम नवऱ्याच्या हातात दिली.

संध्याकाळी वाण घेऊन निघालेली शेजारीण भिंतीपाशी थबकली. "अगंबाई, किती नाजूक जाळी! तुम्हीच विणलीत ना?"

"छे हो," कुमुदताई हळूच म्हणाल्या. "मला नाही जमायचं."