आधी नळ

तिसऱ्या घरात शिरल्यावर ती बसलीच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, पर्समधून लिटरचं माप काढलं, नळाखाली धरलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली.

"अकरा सेकंद," ती म्हणाली. आईने वहीत अकरा लिहिलं.

मध्यस्थ काका दारात घाम पुसत होते. "अहो ताई, हवा बघा, उजेड बघा. माणसं बघा, किती साधी! बाकीचं काही विचाराल की नाही?"

"विचारेन. आधी नळ."

काका घरातल्या गृहस्थांकडे बघून असे हसले, की जणू हिला त्यांनी आणलंच नव्हतं, वाटेत मागे लागली होती.

काकांचंही चूक नव्हतं. पहिल्या घराच्या खिडकीतून बाग दिसत होती, पण पाणी पहाटे चारला यायचं. "भरतं कोण?" असं तिने विचारलं, तर तिथल्या बाई मोकळेपणाने म्हणाल्या, "आता तुम्ही आलात की तुम्हीच!" ती चहा अर्धा टाकून उठली. दुसऱ्या घरात चोवीस तास पाणी होतं, फक्त टँकर आला तर. टँकर कधी येतो, हे टँकरवाल्यालाही नक्की माहीत नसायचं.

नऊ वर्षांची असल्यापासून ती कोपऱ्यावरच्या नळावरून बादल्या भरून चार जिने चढत आली होती. आईचा उजवा खांदा त्यातच गेला. शिक्षण, नोकरी, सगळं त्या नळाच्या वेळा सांभाळून झालं; परीक्षेचा एक पेपर तर रांगेतच बुडाला. यापुढे बादली उचलायची नाही, असं तिने ठरवलं होतं. आणि तिने एकदा ठरवलं, की मग मामा-आत्यांनी मध्ये पडायचं नसतं, हे घरात सगळे अनुभवाने शिकले होते.

"आई, तुम्ही तरी सांगा," काकांनी वशिला लावून पाहिला.

"मला नका विचारू," आई वहीतून मान वर न करता म्हणाली. "मी पाणी न बघताच हो म्हटलं होतं."

चौकशी पुढे सरकली.

"टाकी केवढी?"

"हजार लिटर," गृहस्थ म्हणाले.

"धुता कधी?"

"तीन महिने."

"दर तीन महिन्यांनी, की तीन महिन्यांपूर्वी एकदा?"

गृहस्थ गडबडले. "दर," त्यांच्या बायकोने आतून सांगितलं.

"पाणी येतं किती वेळ?"

"साडेसहा ते साडेसात. एवढंच हो." गृहस्थांचा आवाज पडला. "पण रोज. अकरा वर्षांत दोनदा चुकलंय."

"एक तास चालेल. बेभरवशाच्या चोवीस तासांपेक्षा ठरलेला एक तास बरा."

मग ती गच्चीवर गेली. टाकीचं झाकण उघडून तिने आत डोकं घातलं.

"पडेल हो ती!" खालून बाई ओरडल्या.

"नाही पडणार," आई म्हणाली. "पाण्यासाठी याहून वाईट लोंबकळलीय."

ती उतरली तेव्हा केसांत कोळ्याचं जाळं होतं. बाईंनी ते हलकेच काढलं. "सामान फार असेल का हो तुमचं?"

"एक कपाट आणि पुस्तकं. बादली एकही नाही. आता शेवटचं. पाणी भरतं कोण?"

काकांनी डोळे मिटून घेतले.

"मी," गृहस्थ म्हणाले. "मी नसलो तर ही. मोटरचं बटणच तर दाबायचं असतं. उचलायचं काही नाही."

"आणि मी आल्यावर?"

"त्या वेळी तुमची कामावर जायची घाई असणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही तोंड धुवा आणि निघा. पाण्याचं आम्ही बघू."

आईचं पेन थांबलं. तिने एकदा त्या बाईंकडे बघितलं आणि वही मिटली. मग तिने लेकीकडे बघून होकारार्थी मान हलवली.

"पसंत आहे," मुलगी काकांना म्हणाली. "आता मुलगा दाखवा."