उमापूरकडची बाई

"आता ह्या डब्याची सांगा, आत्याबाई," अंजू म्हणाली.

साखराबाई अंगणात बसून चिंचेच्या कोळानं पितळी डबा घासत होती. डबा आदल्याच दिवशी चौसाळ्यातल्या भंगारवाल्याकडून आणलेला. बूड चेपलेलं, झाकणाची कडी तुटलेली. तो कुणाच्या घरातून आला हे भंगारवाल्यालाही ठाऊक नव्हतं. पण सासूच्या हातात भांडं आलं की तिला गोष्ट सुचायचीच, हे अंजूला भांडी विकायला लागल्यापासून चार महिन्यांत कळून चुकलं होतं.

"उमापूरकडची एक बाई व्हती," साखराबाईनं सुरुवात केली.

तिच्या गोष्टींतल्या सगळ्या बायका उमापूरकडच्याच असायच्या. एकीनं तांब्यात सोनं पुरलेलं, दुसरीनं परातीखाली साप कोंडलेला. अंजू ते ऐकून शुद्ध भाषेत मोबाईलवर लिहायची, उन्हात भांड्याचा फोटो काढायची आणि जुन्या वस्तूंच्या ग्रुपवर टाकायची. शहरातले लोक आधी गोष्ट वाचायचे, मग भांडं मागायचे. एक समई दीड महिना नुसत्या फोटोवर पडून राहिली. गोष्ट जोडली तर संध्याकाळपर्यंत गेली.

अंजूचा नवरा परमेश्वर हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात कामाला होता. त्याच्या पगारात घर चालायचं, एवढंच. लेकीला, संस्कृतीला, बीडला नर्सिंगला घातलं ते ह्या भांड्यांच्या जिवावर.

आणि सासूचाही जीव त्यात रमला होता. ऐन तरुणपणी नवरा गेलेला, पाठोपाठ परमेश्वरचा धाकटा भाऊ तापानं गेलेला. शेळ्या राखून तिनं एकट्या परमेश्वरला वाढवलं. पण स्वतःचं रडगाणं तिच्या तोंडी कधी नसायचं. उमापूरकडच्या बायकांचं मात्र सगळं सांगायची.

"तिचा मालक गेला," साखराबाई सांगत होती. "अंगावर तान्हं, आठ महिन्याचं. दूध आटलं. मग बीडच्या स्टँडावर नाशिककडचं एक जोडपं भेटलं. लेकरू न्हवतं त्येंना. त्येंच्या वटीत घातलं."

"आन् डबा?"

"डब्यात गुळाचं पानी दिलं. वाटंनं रडू न्हाई म्हून." तिनं डबा पालथा करून बूड घासायला घेतलं. "हिरव्या गोधडीत गुंडाळलं व्हतं. गोधडीला खाकी सदऱ्याचं ठिगळ."

"लई भारी," अंजू म्हणाली आणि ठिगळासकट सगळं लिहून टाकलं.

डबा दोन दिवसांत कोल्हापूरला गेला.

पंधरवड्यानं, दुपारी, एक माणूस पत्ता विचारत दारात आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. साखराबाई शेळ्या घेऊन माळावर गेली होती. अंजूला वाटलं गिऱ्हाईक आहे. तिनं खुर्ची दिली, चहा ठेवला.

"मी हरिओम. नाशिकहून आलोय, त्या पितळी डब्यासाठी."

"डबा तर गेला, दादा."

"डबा नकोय मला. ती बाई हवीय."

त्यानं पिशवीतून घडी घातलेली गोधडी काढली. हिरवा रंग उडून राखाडी झाला होता. ठिगळ खाकी होतं.

"आई गेल्या वर्षी वारली," तो म्हणाला. "जाताना सांगितलं, तुला बीडच्या स्टँडवरून आणलं. नाव, गाव काही विचारलं नव्हतं तिनं. मग तुमचं लिहिलेलं वाचलं. दोन दिवस उमापुरात घरोघर हिंडलो. अशी बाई कुणालाच माहीत नाही. तुम्हाला ही गोष्ट कुणी सांगितली?"

अंजूच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं लिहिलं म्हणून अशीच भांडी विकणाऱ्या दिंद्रुडच्या तेजश्रीला ग्रुपमधून काढून टाकलं होतं, त्याला महिनाही झाला नव्हता. आणि म्हाताऱ्या सासूला कशाला ह्यात ओढायचं? चार घटका करमणूक म्हणून बोलते बिचारी.

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "मीच रचली. भांडं इकावं म्हून."

"आणि गोधडी?"

"आमच्याकडं घरटी एक खाकी ठिगळाची गोधडी घावंल, दादा. रागावू नका."

हे मात्र खरंच होतं. हरिओमनं गोधडीची जुन्याच मोडांवर पुन्हा घडी घातली.

"तक्रार करनार का तुमी?"

"नाही." तो उठला. "खरी वाटली मला, एवढंच."

चहा तसाच राहिला. दारातून अंजूनं त्याला फाट्याकडं जाताना पाहिलं. तिला सुटल्यासारखं झालं, आणि वाईटही वाटलं.

पाचच मिनिटांत साखराबाई शेळ्या घेऊन आली.

"आत्याबाई, हितून पुढं लेकराबाळांच्या गोष्टी नकाच सांगू," अंजू म्हणाली. "नाशकाचा एकजन आलता. डब्याची गोष्ट खरी धरून बसला. गोधडी घेऊन उमापूर पालथं घातलं बिचाऱ्यानं. मी म्हनलं, समदं खोटं हाय, मीच रचलंय."

साखराबाईच्या हातातली दोरी सुटली. शेळीनं वाळत घातलेल्या डाळीत तोंड घातलं. तिनं हाकललं नाही.

"कवा गेला?"

"आत्ताच. फाट्याकडं. कावून?"

"परमेश्वरला फोन लाव," साखराबाई म्हणाली. ती अनवाणीच रस्त्याला लागली होती. "म्हनावं, नाशकाकडं जानारी एकबी गाडी सोडू नको. तुजा भाऊ चाललाय."