स्टेरिंगवर बाबा
रामाजींनी गावच्या मालगुजाराची मोटार अठरा वर्षं धुतली, पण तिच्यात बसायला कधी मिळालं नव्हतं. एकसष्ट साली भिलाईच्या कारखान्यात वेल्डर असलेल्या मुलानं, देवीदासनं, जुनी मोटार घेतली आणि छोट्या शालूसाठी पुढच्या सीटवर लोखंडी खुर्ची बसवली. नातीला खुर्चीत बसवून निघाले, तर मोटार सुरूच होईना. रामाजी ढकलायला उतरले. "बाबा, तुमी स्टेरिंगवर बसा, मी ढकलतो," देवीदास म्हणाला. "मले कुठी चालवता येते?" "ड्रायव्हर कसा चालवते, अठरा वर्सं पाह्यलं ना." रामाजी बसले. शेजाऱ्यांनी जोर लावला, इंजिन धडधडलं, शालूनं टाळ्या पिटल्या. मोटार थेट चौकात जाऊन थांबली. देवीदास धापा टाकत पोचला. "इंजिन सुरू झालेलं समजलं नाही काय, बाबा?" "तवाच समजलं," रामाजी म्हणाले, "पण उतरावं वाटलं नाही. आता तू मांगं बस."