ठिपकी

डाव्या पेटीतल्या पिल्लांनी सकाळपासून नुसता कलकलाट मांडला होता. उजवी पेटी मात्र रुसून बसल्यासारखी गप्प होती, आणि प्रयोगशाळेतल्या मावशींचा जीव त्या गप्प पेटीतच अडकला होता.

दोनपैकी एका पेटीतल्या अंड्यांवर डॉक्टरबाई सूक्ष्मलहरी सोडत होत्या, मोबाइलच्या टॉवरमधून येतात तसल्या. दुसरीत नुसती ऊब. कुठली पेटी कसली, हे अंडी फिरवणाऱ्या मावशींना सांगायचं नाही, असा नियम होता. माणसाचा हात मायेनं डावं-उजवं करतो म्हणे. पण मावशींना कोणी सांगायची गरजच नव्हती. डावी पेटी सारखी घरघरायची. एवढी घरघर उगाच कोण करतं?

त्या घरघरणाऱ्या पेटीत टोकाशी तपकिरी ठिपका असलेलं एक अंडं होतं. मावशी त्याला ठिपकी म्हणायच्या, फिरवताना चार शब्द बोलायच्याही. डॉक्टरबाई चहाला गेल्या असताना एकदा त्यांनी ठिपकीला उचलून गुपचूप उजवीकडे नेलं. संख्या भरावी म्हणून तिकडचं हाताला लागलं ते अंडं डावीकडे ठेवलं. प्रत्येक पेटीच्या अंड्यांवर पेन्सिलची वेगळी खूण होती; ती खोडायचं काही धाडस झालं नाही.

आता डावी पेटी उघडून डॉक्टरबाई टरफलं गोळा करत होत्या. एकाएकी त्यांचा हात थांबला.

"मावशी, इथली सगळी अंडी फुलीची. हे गोलाचं टरफल कुठून आलं?"

मावशींनी एप्रनला हात पुसले. "मी बदललं. एकच. तिला या पेटीत ठेवणं जिवावर आलं माझ्या."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेटीचं मागचं झाकण काढून दाखवलं. लहरींची तार जोडलेलीच नव्हती. एक जुना पंखा तेवढा घरघरत होता.

"लहरी उजवीत होत्या, मावशी. इथे हा पंखाच काय तो."

मावशींनी उजव्या पेटीतून ठिपकी काढली आणि कानाशी धरली.

डॉक्टरबाईंनी अंड्यामागे दिवा धरून पाहिलं आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आत हालचाल नाही. पण एका अंड्यावरून काही ठरत नाही. लहरी नसतानाही काही अंडी वाया जातातच."

"तुमचं ठरत नसेल, बाई."

मावशींना फार वाईट वाटत होतं. ठिपकी त्यांनी तळहातावर तशीच धरून ठेवली, आणि दुसरा हात डाव्या पेटीच्या कडेवर टेकला. गोलाच्या टरफलातलं पिल्लू अजून ओलंच होतं. ते धडपडत आलं आणि त्यांच्या बोटाला टेकून बसलं.

त्याचं अंडं उचलताना मावशींनी त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं.